मदत हवी आहे: भरतकामाची रिंग काढली की जास्वंदीच्या पाकळ्या आकसतात

उशीच्या अभ्र्यावर लाल जास्वंद भरत आहे. कापड पांढरं केसमेंट, रिंग ८ इंची, सहा पदरी सुती दोऱ्यातले तीन पदर. पाकळी ४ सेंमी लांब, साटीन टाक्याने (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी शेजारी टाके) आडवी भरली आहे. रिंगमध्ये छान दिसते, काढली की भोवती चुण्या पडतात. शिवाय मधल्या दांड्यावरच्या पिवळ्या फ्रेंच नॉट (सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन केलेल्या गाठी) कापडातून आरपार मागे जातात. उसवावं लागेल का?

प्रतिसाद १
पाकळ्या उसवाव्याच लागतील. साटीन टाका साधारण १ सेंमीपर्यंतच ठीक. त्याहून लांब टाका सैल पडतो, सैल पडू नये म्हणून आपण दोरा ओढतो, आणि रिंग निघाली की तो ओढलेला दोरा कापड गोळा करतो. अभ्र्यावर तर लांब टाके बांगडीत अडकणारच.

तिथे लाँग अँड शॉर्ट, म्हणजे लांब-आखूड टाका हवा. आधी पेन्सिलीने पाकळीच्या कडेपासून देठाकडे जाणाऱ्या ५-६ रेषा काढा. जास्वंदीच्या शिरा तशाच जातात. आडवं भरलेलं फूल कितीही सफाईदार असलं तरी कागदी वाटतं. कडेवर उलटी टीप घाला आणि तिच्यावरून टाके घ्या, म्हणजे कड रेखीव येते. पहिल्या ओळीत १० आणि ७ मिमीचे टाके आलटून पालटून. पुढच्या ओळीत सुई आधीच्या टाक्याचा दोरा चिरत वर काढायची, नाहीतर दोन रंगांमध्ये पायरी दिसते. पदर एकच. डीएमसी या कंपनीच्या दोऱ्याच्या छटा घेणार असाल तर कडेला ६६६, मग ३२१, आत ४९८ आणि अगदी बुडाशी ८१५. पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून मागची आधी भरा.

केसमेंटची वीण मोकळी असते. मागे धुतलेल्या मलमलीचा थर लावून दोन्ही कापडं एकत्र रिंगमध्ये ताणा. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही.

प्रतिसाद २
गाठ मागे जाते कारण सुई निघालेल्या भोकातच परत घातली जाते. एक-दोन धागे सोडून घाला, आणि सुई पूर्ण खाली जाईपर्यंत डाव्या हाताने दोरा ताणून धरा. गाठ मोठी हवी तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. दोनपेक्षा जास्त वेढ्यांची गाठ लोळते.

पण जास्वंदीला नुसत्या गाठी नकोतच. तिचे परागकोश बारीक तंतूंवर असतात. दांडा देठ टाक्याने भरा, मग वेढे घेतलेली सुई ३-४ मिमी लांब घाला. तंतू आणि गाठ एकाच टाक्यात होतात. इंग्रजीत याला पिस्टिल स्टिच म्हणतात. हे दांड्याच्या वरच्या अर्ध्या भागावरच, आणि टोकाला पाच लाल गाठी. त्या पाच बहुतेक जण विसरतात.

धागाकर्ती
मलमल लावते. नक्षी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने काढली आहे, ती शेवटी जाईल ना? आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला तर?

प्रतिसाद ३
निळी शाई धुण्याआधी इस्त्री लागली तर पक्की बसते. आधी गार पाणी, मगच इस्त्री. इस्त्रीने जाणारं पेन मात्र या कामाला नको. कडक थंडीत त्याच्या रेघा परत उमटतात, म्हणजे अभ्रा कॅनडातल्या मावशीकडे पोचेपर्यंत नक्षी पुन्हा हजर!

लाल दोऱ्याची परीक्षा भरण्याआधीच घ्या. १० सेंमी तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबा आणि वरून इस्त्री फिरवा. डाग पडला तर अख्खी लड पाणी नितळ निघेपर्यंत गार पाण्यात खळबळा. मीठ-व्हिनेगरने सुती दोऱ्याचा रंग पक्का होत नाही. भरून झाल्यावर उतरला, तर कापड वाळू देऊ नका. वाळलेला डाग जवळजवळ निघत नाही. पाणी बदलत भिजत ठेवा, पिळू नका, टॉवेलवर आडवं वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, नाहीतर गाठी चपट्या होतात.