शब्दचर्चा : चार ठिकाणी लढाई आणि पारडं एकच?

पोवईनाका
मंडळी, एक वाक्य तीन दिवस अडून बसलंय. पुढच्या महिन्यात साताऱ्यात एका वाचनालयात दुसऱ्या महायुद्धावर तासभर बोलायचंय, १९४२ ते १९४४ एवढाच काळ. लिहिलंय असं : 'स्टालिनग्राडनंतर रशियाच्या आघाडीवर जर्मनीची आघाडी संपली आणि मित्रराष्ट्रांच्या आघाडीने सर्व आघाड्यांवर आघाडी घेतली.' घरी वाचून दाखवलं तर सासूबाईंनी विचारलं, जागावाटप झालं का?

तर 'आघाडी'चं काय करू? आणि दुसरं, 'मोमेंटम', म्हणजे लढाईचा जोर आता कुणाकडं आहे ते सांगणारा शब्द. पदार्थविज्ञानातला 'संवेग' इथं निर्जीव वाटतो. 'पारडं फिरलं' लिहून वेळ मारून नेता येईल, पण चार ठिकाणी लढाई चालू असताना पारडं एकच कसं?

कृष्णाकाठ
ताई, पहिली गोष्ट, पारडं फिरत नाही, झुकतं. फिरतं ते वारं, फिरतात ते ग्रह. वर्तमानपत्रांनी 'पारडे फिरले' रूढ केलंय, त्याला माझा इलाज नाही.

'आघाडी'चं मूळ बघा. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधायची दोरी ती अगाडी, मागच्या पायांची पिछाडी. तिथून सैन्याचा पुढचा भाग, मग शत्रूला भिडलेली रेषा, मग शर्यतीतला पुढावा, आणि आता जागावाटप. चार अर्थ एकाच शब्दाच्या पाठीवर. तुम्ही तो फक्त भिडलेल्या रेषेसाठी राखा. पुढाव्याला 'सरशी' म्हणा. तिसऱ्या अर्थाची गरजच नाही, 'मित्रराष्ट्रं' या शब्दात युती आलीच.

'मोर्चा' मात्र वापरू नका. जुन्या कागदांत किल्ल्याला मोर्चे लावत, म्हणजे वेढ्यात खणून तोफा मांडायच्या जागा. हिंदीत अजून तो फ्रंटच आहे. आपल्याकडे तो कलेक्टर कचेरीवर जातो.

माजी_सुभेदार
पलटणीत आघाडी कुणी म्हणत नाही, फ्रंटच म्हणतात. 'फ्रंट सरकला', 'फ्रंटला ढिलाई आली'. व्याख्यानात बिनधास्त म्हणा, समोर निम्मे माजी सैनिक असणार.

मोमेंटमबद्दल बोलतो. एकच शब्द शोधू नका, क्रियापदं शोधा. चढाई थोपवणं वेगळं, उलटवणं वेगळं. लोक इथंच गल्लत करतात. जून १९४२ ला पॅसिफिकातल्या मिडवे बेटापाशी जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली, म्हणून सगळे म्हणतात तिथं सगळं बदललं. पण त्यानंतरही जपानी पायदळ न्यू गिनीत डोंगर ओलांडून पोर्ट मोर्सबीकडं चाललंच होतं की. मिडवेला चढाई थोपली. उलटली ती ग्वादालकनाल बेटावर, आणि त्याला ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ एवढा वेळ लागला. इजिप्तमधल्या अल अलामेनचंही तेच. जुलैत जर्मन सेनापती रोमेलला थोपवला, ऑक्टोबरच्या २३ तारखेला जी लढाई सुरू झाली तिनं त्याला मागं रेटला. गाव एक, लढाया दोन, क्रियापदं दोन.

लालमाती
सुभेदार साहेब बरोबर. पण ताई, तुम्हाला पाहिजे तो शब्द तालमीत आहे. कब्जा.

सुरुवातीला खडाखडी चालते, कोण भारी काय कळत नाही. मग एकजण पट काढून मागं जातो आणि वरून बसतो, तो कब्जा. गुण नाही, निकाल नाही, पण आता डाव तो टाकणार आणि खालच्यानं फक्त सोडवून घ्यायचं. तुमचं ते मोमेंटम हेच ना? आणि कब्जा म्हणजे चितपट नव्हे. खालचा उठतो, उलटा बसतो, आम्ही किती बघितलेत.

पोवईनाका
हे फार आवडलं. म्हणजे जुलै १९४३ ला रशियात कुर्स्कला जर्मनीनं गेलेला कब्जा परत घ्यायचा प्रयत्न केला. त्यानंतर पूर्वेकडं उन्हाळी चढाई त्यांनी केलीच नाही, खालून सोडवत राहिले. पण लालमाती, माझी अडचण उरतेच. कुस्ती दोघांची. इथं एका पैलवानाला चार जण भिडलेत.

लालमाती
अशी कुस्ती आमच्याकडं लावत नाहीत.

सरीवरंबा
मी वाळव्याचा, ऊसवाला. इतिहासातलं थोडंफार वाचतो. शब्द तालमीत नाही, रानात आहे. रात्री लाईट आल्यावर दारं धरायला, म्हणजे उसाच्या सरीसरीत पाणी सोडायला, गेलाय का कधी कुणी?

मोटर एक, पाट एक, सऱ्या ढीगभर. या सरीचं दारं मोडलं की पाणी तिकडं, पहिलीचं बंद. चारी सऱ्यांत एकदम पाणी सोडलं तर एकीलाही शेवटपर्यंत जात नाही. त्यात खाली कुठं उंदरानं बीळ पाडलेलं असलं तर तुम्ही बॅटरी घेऊन तिकडं पळणार, आणि इकडं वरचा बांध फुटणार.

आता नोव्हेंबर १९४२ बघा. ८ तारखेला अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा मोरोक्को-अल्जीरियात उतरल्या. हिटलरनं लगेच ट्युनिशियाचं दारं मोडलं, वाहतुकीची युंकर्स विमानं माणसं आणि दारूगोळा घेऊन तिकडं लागली. १९ तारखेला स्टालिनग्राडच्या दोन्ही बगलांवर रशियन तुटून पडले, २३ ला वेढा पूर्ण झाला. आत जर्मनांच्या बाजूचा अडीच लाखांच्या आसपास माणूस. त्याला रोज निदान तीनशे टन माल विमानानं टाकायला हवा होता. सरासरी सव्वाशे टनांपर्यंतही गेली नाही. हिवाळा होता, धावपट्ट्या हातच्या जात होत्या, सगळं खरं, पण विमानंही दोन सऱ्यांत वाटली गेली होती. २ फेब्रुवारी १९४३ ला स्टालिनग्राड संपलं, मे महिन्यात ट्युनिशियाही. दोन्ही सऱ्या वाळल्या.

म्हणून म्हणतो, पारडं सोडा. 'ओढ' म्हणा. एका आघाडीची दुसरीला ओढ बसते.

कृष्णाकाठ
'ओढ' म्हटलं की वाचकाला माहेरची ओढ आठवेल. 'ओढाताण' घ्या. आणि ओढाताण ज्याची होते तो हरणारा पक्ष, हे मराठीत आपोआप कळतं. जिंकणाऱ्याची ओढाताण होते असं आपण म्हणत नाही.

माजी_सुभेदार
सरीवरंबा, मानलं. पण कुणी कुर्स्कला हाच हिशोब लावेल म्हणून आधीच सांगतो. १० जुलैला मित्रराष्ट्रं सिसिलीत उतरली आणि १३ ला हिटलरनं कुर्स्कची चढाई गुंडाळायला घेतली, हे खरं. पण १२ तारखेलाच रशियनांनी ओरेलच्या बाजूनं उलटी चढाई सुरू केली होती. आणि जी चिलखती तुकड्यांची कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांची मोठी फौज, इटलीला न्यायची म्हणत होते, त्यातली एकच डिव्हिजन खरोखर गेली. नुसतं खाली बीळ पडलं म्हणून बांध फुटला असं नाही, वरून पाण्याचा लोंढाही आला होता.

आणि एक शब्द राहिला, 'गुंतवून ठेवणं'. आमचे चुलत आजोबा पाचव्या मराठा पलटणीत, इटलीत होते. पुस्तकांत इटलीचं वर्णन रेंगाळलेली आघाडी असंच असतं. डोंगर, नदी, पुन्हा डोंगर. आम्ही पोरं विचारायचो, आबा, तुम्ही जिंकला का? ते विडी विझवून कानावर ठेवत आणि म्हणत, 'जर्मन हटंना. पर त्याला दुसरीकडं जाऊ बी दिला न्हाई.' त्याच पलटणीच्या यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच इटलीत, जुलै १९४४ ला, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. हटवला किती मैल एवढंच मोजलं तर या माणसांनी काय केलं ते वाक्यात येतच नाही.

पोवईनाका
आबांचं वाक्य व्याख्यानात घेऊ का? नाव घेणार नाही.

आता जून १९४४ साठी मी 'रेटा' धरलाय. ४ ला रोम, ६ ला नॉर्मंडी, १५ ला पॅसिफिकातलं सायपान बेट. २२ ला मित्रराष्ट्रांचे कोहिमाकडून निघालेले आणि इंफाळहून निघालेले सैनिक एकमेकांना भेटले, रस्ता खुला झाला. आणि २२-२३ ला बेलारूसमध्ये रशियनांची मोठी चढाई. तीन आठवड्यांत पाच ठिकाणी. इथं मला कुणाचं पारडं दिसत नाही, गर्दीचा रेटा दिसतो. यात्रेत मागून रेटा आला की पुढच्याला पाय रोवता येत नाहीत, तसा.

कृष्णाकाठ
'रेटा' उत्तम. पण जपान आणि जर्मनी एकाच रेट्यात घालू नका. इंफाळला लढणाऱ्या जपान्याची नॉर्मंडीमुळे काडीचीही ओढाताण झाली नव्हती.

पोवईनाका
मान्य. सुधारून असं केलंय : '१९४२ च्या हिवाळ्यापर्यंत जर्मनीची चढाई थोपली होती. त्यानंतर एका आघाडीची गरज दुसरीच्या जिवावर भागवायची वेळ तिच्यावर आली आणि या ओढाताणीत कब्जा हातून गेला. जून १९४४ ला पूर्व, पश्चिम आणि दक्षिणेकडून एकदम रेटा आला. त्याच महिन्यात तिकडे जपानलाही सायपान आणि इंफाळ अशा दोन्हीकडून मागं सरावं लागत होतं.'

लालमाती
कब्जा राहिला. बास.

सरीवरंबा
दारं कुठं गेलं?

पोवईनाका
दादा, ते तोंडी सांगणार आहे. 'दुसरीच्या जिवावर' आहे ना, तिथं थांबून.

माजी_सुभेदार
आबांचं वाक्य घ्या. फक्त 'न्हाई'चं 'नाही' करू नका.