बॅकग्राउंड मस्त ब्लर येण्यासाठी तुमची लाडकी लेन्स कोणती?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण आहे, घरीच, आमच्या हॉलमध्ये. झोपाळा सजवणार, फुलांचे दागिने, मुकुट, बाजूबंद सगळं हौसेने करणार आणि फोटो ताईनेच काढायचे असा तिचा हट्ट आहे. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० मिमी या दोन लेन्स. मला चेहरा एकदम शार्प आणि मागचं सगळं विरघळलेलं असा लुक हवाय. फोनचा पोर्ट्रेट मोड करून बघितला पण तो गजऱ्यातून सुटलेली फुलं आणि कानाजवळच्या मोकळ्या बटा भिंतीबरोबरच पुसून टाकतो, नथीच्या मोत्यांभोवती तर विचित्र धुरकट कडा येते. बजेट पंधरा हजारापर्यंत, सेकंडहँड चालेल. ५० मिमी घेऊ की ८५? आणि तुमची स्वतःची आवडती कोणती आणि का तेही सांगा.

गच्चीवरचा
ताई, पैसे खर्च करायच्या आधी ती ५५-२५० बाहेर काढा. सगळे एफ/१.८, एफ/१.८ करतात पण लांबचं बॅकग्राउंड किती विरघळणार हे त्या आकड्यावर नाही, लेन्सचं भोक प्रत्यक्षात किती मिलीमीटरचं आहे त्यावर ठरतं. फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिमीचा आकडा) एफ नंबरने भागा. ५० एफ/१.८ म्हणजे जवळपास २८ मिमी, ८५ एफ/१.८ म्हणजे ४७, आणि तुमची २५० एफ/५.६ ला चक्क ४५ मिमी! म्हणजे फ्रेममध्ये माणूस तेवढाच मोठा ठेवला तर मागची झाडं, दिवे, इमारती ८५ इतक्याच ब्लर होणार. फक्त कमरेपर्यंतच्या उभ्या फोटोला २५० वर साधारण आठ मीटर लांब उभं राहावं लागतं, त्यामुळे गच्ची नाहीतर सोसायटीचं मैदान पाहिजे. शटर १/४०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. माझी आवडती विचाराल तर हीच, संध्याकाळच्या उन्हात हिच्यासारखी मजा नाही.

सह्याद्रीवेडी
वरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण ते लांबच्या बॅकग्राउंडला. ताईंचा कार्यक्रम हॉलमध्ये आहे, मागची भिंत झोपाळ्यापासून फार तर दीड मीटरवर असणार, तिथे गणित पूर्ण फिरतं. बॅकग्राउंड जवळ असलं की एफ नंबरचंच राज्य. मी हिशोब करून बघितला, कमरेपर्यंतची तीच फ्रेम आणि भिंत दीड मीटर मागे असं धरलं तर २५० एफ/५.६ चा ब्लर ५० एफ/१.८ च्या साधारण निम्माच येतो, आणि ८५ एफ/१.८ चा ५० पेक्षा फक्त पाव पट जास्त. शिवाय त्या फ्रेमला ८५ वर पावणेतीन मीटर मागे जावं लागतं, ५० वर १.६ मीटरमध्ये काम होतं. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा, पाहुणे, ओवाळायला आलेल्या मावश्या आणि तुमच्या पाठीमागची भिंत, एवढ्यात पावणेतीन मीटर काढायचे कुठून?

आणि डेप्थ (किती जाडीचा भाग शार्प येतो) वेगळी, ब्लर (मागचं किती विरघळतं) वेगळा. तीच फ्रेम धरली तर ५० असो की ८५, एफ/१.८ ला साधारण ७ सेंमी जाडीचाच पट्टा शार्प येतो, २५० ला एफ/५.६ वर २२ सेंमी. डोळा शार्प आणि कानामागचा गजरा हलकेच मऊ होत जाणारा, हा जो लुक आहे ना तो त्या ७ सेंमीतून येतो. वर उजेडाचा फायदा, एफ/५.६ पेक्षा एफ/१.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो, जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागला असता तिथे ६४० वर भागतं.

माझं मत कॅननची ५० एफ/१.८ एसटीएम, डोळे झाकून. २०१५ साली आलेली ही लेन्स, वजन १६० ग्रॅम, ३५ सेंमीपर्यंत जवळ जाऊन फोकस होते म्हणजे मेंदीचे हात, ओटीतला नारळ सगळं हिच्यावरच. तुमच्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते, पोर्ट्रेटला अगदी हवी तशी. जुनी एफ/१.८ टू (II) स्वस्तात मिळेल पण तिच्यात भोक लहान-मोठं करणारी पाचच ब्लेड आहेत, एफ/२.८ केलं की मागच्या लायटिंगच्या माळेचे पंचकोन दिसायला लागतात. एसटीएमला गोलसर सात ब्लेड आहेत, ठिपके गोल राहतात. पूर्ण उघडी ठेवली की फ्रेमच्या कोपऱ्यातले ठिपके लिंबासारखे लांबट होतात, ते एफ/२.५ च्या आसपास बरेच सुधारतात.

जुनीकाच
लाडक्या लेन्सचं विचारलंय म्हणून लिहितो, माझी हेलिओस ४४-२. सोव्हिएत काळातली, ५८ मिमी एफ/२, जर्मन झाइस कंपनीच्या जुन्या बायोटार लेन्सच्या डिझाइनवर बनवलेली. मागे पानांची गर्दी असेल, त्यातून उन्हाचे कवडसे येत असतील आणि माणूस दोन-तीन मीटरवर उभा असेल तर मागचं सगळं त्याच्याभोवती भोवऱ्यासारखं फिरतं. आमराईत काढलेले माझे सगळ्यात आवडते फोटो हिच्यावरचे आहेत, त्यातला एक प्रिंट काढून भिंतीवर लावलाय, हिरव्या रंगाचे ब्रशने ओढल्यासारखे फटकारे आणि मधोमध शांत चेहरा. हा गुण कोणत्याही नव्याकोऱ्या शार्प लेन्सपेक्षा मला जास्त प्रिय आहे.

पण ताई, डोहाळजेवणाला ही नका घेऊ. क्रॉप सेन्सरवर कडा कापल्या जातात आणि भोवरा कडेलाच असतो, त्यामुळे अर्धी मजा जाते. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) १० पट झूम करून, हलत्या माणसावर ते जमवणं अवघड. कॅननवर एम४२ चा (हेलिओसच्या स्क्रू माउंटचा) पातळ अडॅप्टर लावून सगळं नीट चालतं. निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा, तिथे माउंटपासून सेन्सरचं अंतर ४६.५ मिमी आहे आणि एम४२ ला ४५.४६ लागतं, त्यामुळे साध्या अडॅप्टरने लांबचं फोकसच होत नाही, काचवाला अडॅप्टर घ्यावा लागतो आणि त्याने क्वालिटी पडते.

१३५चा_भक्त
बजेटबाहेरचं आहे पण राहवत नाही, कॅनन १३५ एफ/२ एल. १९९६ ची लेन्स, अजूनही तोड नाही. भोक ६७ मिमीचं, ७०-२०० एफ/२.८ झूमच्या २०० च्या टोकाइतकंच जवळपास, आणि वजन त्याच्या निम्मं, ७५० ग्रॅम. नुसता ब्लर जास्त म्हणून नाही, ज्या पद्धतीने कडा विरत जातात ते बघण्यासारखं असतं, मागच्या फांद्यांच्या दुहेरी रेघा दिसत नाहीत, सगळं तेलरंगासारखं मिसळतं. लग्नाच्या मांडवात लांबून नवरीच्या चेहऱ्यावरचे भाव टिपायला हिच्यासारखी दुसरी नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतलात की हिचा विचार नक्की करा.

ठाणेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार! काल गच्चीवर बहिणीला उभं करून २५० लावून बघितली, मागे समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या नुसत्या पिवळ्या गोळ्यांसारख्या आल्या, मी थक्क झाले. कार्यक्रमाआधी तासभर गच्चीवर तिचे वेगळे फोटो काढायचं ठरवलंय. हॉलसाठी ५० एसटीएम घेतेय, ओळखीच्या दुकानात एक सेकंडहँड आहे. दोन शंका: झोपाळा हलत असताना ७ सेंमीचं काय करायचं? आणि जुनी लेन्स घेताना काय बघायचं?

सह्याद्रीवेडी
झोपाळा पुढे-मागे जातो तेव्हा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. तुमच्या बाजूच्या टोकाला ती आली की क्लिक, त्या क्षणी अंतर बदलत नसतं. फोकस एआय सर्वोवर (हलत्या माणसावर सतत फोकस ठेवणारा मोड), आणि नऊपैकी मधला पॉइंट धरा, १५००डी मध्ये तोच क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेघा पकडणारा) आहे आणि कमी उजेडात तोच भरवशाचा. डोळ्यावर ठेवा, फ्रेम थोडी सैल घ्या आणि नंतर क्रॉप करा. मधल्या पॉइंटने फोकस करून कॅमेरा फिरवलात तर एवढ्या कमी डेप्थमध्ये डोळा सुटतो. ओटी भरताना दोन चेहरे असतील तर एफ/४, आणि झोपाळा भिंतीपासून शक्य तितका पुढे घ्या, प्रत्येक अर्ध्या फुटाने फरक पडतो.

जुनीकाच
लेन्स कॅमेऱ्यावरून काढून मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर फंगस आहे, सोडून द्या, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. धुळीचे चार कण असले तर फोटोत काही दिसत नाही. मग कॅमेऱ्यावर लावून जवळ-लांब-जवळ असा फोकस पाच-सहा वेळा करून बघा, मध्येच अडकायला किंवा करकर वाजायला नको. एफ/१.८ ला तिरक्या धरलेल्या पट्टीचा फोटो काढा, ज्या आकड्यावर फोकस केला तोच सगळ्यात शार्प यायला हवा. घरी आणलीत की हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, चामड्याच्या केसमध्ये नको.