विकण्याआधी दुरुस्त भिंतीला बाहेरून रंग: तेवढाच पॅच की पूर्ण भिंत?

रोहाउस_पुणे: दुमजली रो-हाउस विकायचं आहे. बाहेरचा फिका क्रीम रंग ६ वर्षांचा. पश्चिमेच्या भिंतीत कॉलम आणि विटांच्या सांध्यावर उभा तडा होता, खिडकीखाली गिलावा फुगला होता. दोन्ही जागी १२ दिवसांपूर्वी नवं प्लॅस्टर झालं. भिंत १० बाय १२ फूट. जुन्या डब्यात दीडेक लिटर रंग उरलाय. तेवढ्याच जागी मारला तर चालेल?

ब्रश_रोलर: नका मारू. डबा तोच असला तरी भिंतीवरचा रंग उन्हाने उडालाय, ठिगळ दिसणारच. शिवाय नवा गिलावा रंग जास्त पितो, तिथली चमक वेगळी पडते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्यावरूनही कळतं.

रंग भिंत जिथे मोडते तिथपर्यंत न्यायचा: कोपरा, गिलाव्यातली खाच (ग्रूव्ह), छज्ज्याची कड. म्हणजे तुमची ती अख्खी भिंत. दोन हातांना लिटरमागे साधारण ५० चौरस फूट धरा, १२० फुटांना अडीच लिटर. ४ लिटरचा डबा घ्या, शेड कोड जुन्या झाकणावर असतो. आधी कोपऱ्यात वीतभर मारून, एक दिवस वाळू देऊन शेजारच्या भिंतीशी ताडून बघा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने; रंगारी रंग पुरावा म्हणून पाणी वाढवतात आणि मग खालचा रंग नीट झाकला जात नाही. पश्चिमेची भिंत सकाळीच रंगवा. तापलेल्या भिंतीवर रोलरचे पट्टे उठतात.

गिलावा_पक्का: त्याआधी थांबा. १२ दिवस कमी आहेत, सिमेंटला २८ दिवस द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंगद्रव्य जाळतो, फिकट डाग पडतात. नंतर १८ इंच चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे.

पांढरा क्षार फुटला असेल तर कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतला की तो विरघळून परत आत जातो. जुन्या रंगावर तळवा घासा. पूड लागली तर भिंत घासून धुवा, वाळवा, मग बाहेरचा प्रायमर.

आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी लावली होती का? दोन्ही बाजूंना ६-६ इंच कोंबडीजाळी नसेल तर तडा परत उघडेल. रंग तो धरून ठेवत नाही.

रोहाउस_पुणे: जाळी आहे. रंगारी आतल्या भिंतींना वापरतात ती ॲक्रिलिक लांबी (पुट्टी) भरू म्हणतोय.

गिलावा_पक्का: बाहेर अजिबात नको, पाणी लागलं की मऊ पडून सुटते. पांढऱ्या सिमेंटची लांबी घ्या, पातळ दोन थर, दीड मिलिमीटरच्या आत. ती आधी भिंत ओली करून भरतात. वाळल्यावर पॉलिश पेपर, मगच प्रायमर.

दस्त_आणि_भिंत: खिडकीखालचा गिलावा फुगला म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. बहुतेक वेळा खिडकीच्या ओट्याला बाहेर उतार नसतो किंवा फ्रेमभोवतीची फट बुजवणारं सीलंट फाटलेलं असतं. ते आधी बंद करा, नाहीतर पहिल्या पावसात नवा रंग फुगेल. गळती अजून चालू असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला आणि साध्या पाहणीत न सापडणारा मोठा दोष उघड करावा लागतो. दुरुस्तीचे, विशेषतः जाळी दिसणारे फोटो आणि गवंड्याची पावती जपून ठेवा, घर बघायला येणाऱ्यांना दाखवता येतात.