भर उन्हात समुद्राचा कृष्णधवल लाँग एक्स्पोजर: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जळगावचा. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे दर्शन वर्षातून एकदा, मुलांच्या सुट्टीत. तिथेही सकाळ-संध्याकाळचा चांगला उजेड घरच्यांच्या मालकीचा. पोरं पाण्यात आणि मी चपला सांभाळत. माझ्या वाट्याला येते दुपारी बारा ते तीन ही वेळ, सगळे जेवून आडवे झालेले असतात तेव्हाची. म्हणून 'पहाटे जा' एवढा सल्ला सोडून काहीही सांगा.

लाँग एक्स्पोजर म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो. मला हवंय ते असं: काळाभोर कातळ, भोवती धुक्यासारखं पाणी आणि वर गडद आकाश. गेल्या मे महिन्यात हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गाखालच्या खडकांवर प्रयत्न केला. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ/11 (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), स्वस्तातला फिरवायचा व्हेरिएबल एनडी (उजेड कमी करणारा काळा फिल्टर), 18 मिमीला (रुंद कोन). वेळ मिळाली जेमतेम सव्वा सेकंद. लाटा दुधासारख्या होण्याऐवजी फाटक्या गोधडीतून कापूस निघावा तशा दिसतात. एफ/22 केलं, 5 सेकंद मिळाले, पण कातळाची सगळी धार गेली. फिल्टर शेवटपर्यंत फिरवला तर आकाशात मोठी काळी फुली! शिवाय खालच्या कोपऱ्यात एक फिकट पट्टा, तो कुठून आला देव जाणे.

परवा हतनूरच्या धरणावर पुन्हा सराव केला. सकाळचे अकरा, ट्रायपॉडला हात लावला तर चटका बसला. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर काळ्या भागात मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके.

प्रश्न दोन. कोणता फिल्टर घेऊ? आणि फिल्टरऐवजी वेल्डिंगच्या काचेचा जुगाड चालतो का?

पांझराकाठ
भो, आयपीस झाकेल व्हता का? डीएसएलआर असेल तर तो पट्टा तिथूनच आला. इतका वेळ शटर उघडं राहिलं की डोळा लावायच्या खिडकीतून ऊन आत शिरतं. काळी चिकटपट्टी लाव, विषय संपला. ठिपके गरमीचे. सेन्सर तापला की ते वाढतात. कॅमेऱ्यावर ओला नव्हे, कोरडा पांढरा रुमाल टाक आणि दोन फोटोंमध्ये त्याला सावलीत बसव.

खारा वारा
फुली हा व्हेरिएबल एनडीचाच गुण आहे. दोन पोलरायझर (प्रकाश गाळणाऱ्या काचा) एकमेकांवर फिरतात, वाइड लेन्सवर टोकाला नेले की फुली उमटते. साधा 10 स्टॉपचा एनडी घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, वेळ दुप्पट). पण हिशोब आधी करा. कडक उन्हात आयएसओ 100, एफ/11 ला साधारण 1/200 सेकंद येतो. 10 स्टॉपने फक्त 5 सेकंद होतात, धुकं नाही होत. त्यावर 3 स्टॉपचा चढवला तर 40 सेकंद, 6 चा चढवला तर साडेपाच मिनिटं. मी 40 वर थांबतो. पाच मिनिटांत पाण्याचा पोतच मरतो, कातळ पिठात ठेवल्यासारखा दिसतो. एफ/22 विसरा, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) धार जाते.

फोकस फिल्टर लावण्याआधी करून मॅन्युअलवर टाका, स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (ठिपके काढणारी सोय) चालू असेल तर 40 सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी 40 सेकंद अडकून बसतो, तेव्हा घाबरू नका. ट्रायपॉड ओल्या वाळूत रोवू नका, लाट ओसरली की पाय हळूच खचतो. आकाश निळं असेल तर कृष्णधवल करताना निळ्या आणि आकाशी रंगाचे स्लायडर खाली ओढा, आपोआप गडद होतं. दुपारचं ऊन इथेच कामाला येतं.

वेल्डिंगची काच चालते. हिरवी झाक कृष्णधवलमध्ये दिसत नाही, पण काच सपाट नसते, त्यामुळे फोटो थोडा मऊ येतो.

पैसे नसतील तर आहे त्या फिल्टरवर, फुली दिसणार नाही इतपतच फिरवून, सव्वा सेकंदाचे 30 फोटो लागोपाठ काढा आणि संगणकावर त्यांची सरासरी घ्या. गरमीचे ठिपके मात्र दर फोटोत त्याच जागी असतात, ते सरासरीने विरत नाहीत.

आणि भरतीची वेळ बघा. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या आसपास येते आणि तो प्रदक्षिणा मार्ग तेव्हा जीवघेणा असतो. चार मिनिटं स्क्रीनकडे बघत समुद्राला पाठ करून उभं राहायचं नाही!

धागाकर्ता
दोघांनाही धन्यवाद. आज पुन्हा हतनूरला जाऊन आलो. चिकटपट्टीने पट्टा गेला. 30 फोटोंची सरासरीही करून पाहिली. वाऱ्याच्या बारीक लहरी जाऊन पाणी काचेसारखं झालं, पण मधून एक होडी गेली तिची आठ-दहा भुतं राहिली आहेत. ती घालवायची कशी, की ते फोटोच वगळू?

पाऊणपटीचा हिशोब घरी सांगितला. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. आता सुट्टीची तारीख अष्टमी बघून ठरवतोय. कारण अजून कुणाला सांगितलेलं नाही.