बी विंग ग्रुप : ३०२ च्या मशीनचं टेबल

२०२ काकू: नमस्कार. काल दुपारी पुन्हा दोन तास छतातून घर्र्र चालू होतं. ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन महिनाही झाला नाही, दुपारची झोप तेवढीच मिळते. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

३०२: काकू घ्या की नाव, माझंच सीएनसी राऊटर, कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन. तुम्ही गेल्या आठवड्यात जिन्यात बोललात तेव्हाच टेबल बदलायचं ठरवलं. आत्ता मशीन स्लॉटेड अँगलच्या स्टँडवर आहे, गँट्री, म्हणजे कटर धरून पुढेमागे सरकणारी कमान, दिशा बदलते तसा अख्खा स्टँड डुलतो आणि तो हादरा पायातून थेट स्लॅबमध्ये उतरतो, तुम्हाला ऐकू येतं ते बहुतेक तेच

१०१: स्टिल्टमध्ये माझ्या गाडीमागे लोखंडी पाईप पडलेत. कोणाचे? कधी उचलणार?

३०२: काका माझेच. ४० बाय ४० चे, ३ एमएमचे चौकोनी पाईप, नव्या फ्रेमसाठी.

४०१: म्हणजे आवाज कमी करायला अजून मोठं मशीन. वा

३०२: मशीन तेच आहे हो दादा. फक्त खालचं टेबल. फ्रेम हलली की लाकडाच्या कडेला लाटा उठतात, कामही खराब आणि आवाजही.

५०२ वहिनी: त्यावर माझा पोळपाट होईल का 😄 सागवानी, मागे तीन पाय

३०२: होईल वहिनी, फळी आणून द्या

२०२ काकू: पोळपाटाचं नंतर बघा. आमच्या झोपेचं बोला.

१०१: पाईप कधी उचलणार? आणि तिथे वेल्डिंग करणार असं वॉचमन म्हणाला. परवानगी कोणी दिली?

सेक्रेटरी: कोणीही दिलेली नाही. वरून गॅसची लाईन गेलीये, खाली सगळ्यांच्या गाड्या, पेट्रोलच्या टाक्या. स्टिल्टमध्ये वेल्डिंग होणार नाही. तसेच २००० च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कृपया सर्वांनी सहकार्य करावे.

४०१: सर्वांनी म्हणजे? मी काय केलं

५०२ वहिनी: दादा तुमचं किचनचं तोडकाम आठवा, माझ्या मुलाची बारावी होती तेव्हा

४०१: ते परवानगी घेऊन केलं होतं. आणि तुमच्या बाल्कनीतून पाणी माझ्या कपड्यांवर पडतं ते?

सेक्रेटरी: कृपया विषयावर या.

६०१ आबा: मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, मला जरा बोलू द्या. पोरगा म्हणतो ते बरोबर आहे. पट्टीची जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर वाक आठपट कमी होतो. म्हणून पातळ अँगल कितीही आवळला तरी डुलणार. पण नुसता पाईप पोकळ, तो घंटेसारखा वाजतो. पाईपात कोरडी वाळू ठासून भर आणि दोन्ही तोंडं बंद कर. ओली वाळू अजिबात नको, आतून गंजेल. बोल्टासाठी नटांच्या प्लेटी आधी वेल्ड करून घे, नंतर जमायचं नाही. आणि तिरके ताण टाक, चार पायांवर नुसती चौकट उभी केलीस तर ती बाजूला झुकणारच.

३०२: आबा हे बेस्ट आहे. वेल्डिंगने फ्रेम ओढली जाईल ना पण?

६०१ आबा: जाणारच. आधी सगळीकडे टाके मार, म्हणजे छोटे छोटे वेल्ड, मग समोरासमोर थोडं थोडं. दोन बाजूंच्या चौकटी वेल्ड कर, मधले आडवे बोल्टाने जोड, लिफ्टमध्येही मावेल. मग दोन्ही कर्ण मोज. सारखे आले तरच पुढे जा. वरचा भाग पाणसळ लावून शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या तुकड्यांनी, सम कर, वेल्ड केलेल्या तोंडावर मशीनची रेल थेट आवळू नकोस. भोसरीत फॅब्रिकेटरकडून करून आण.

४०१: वाळू भरणार? स्लॅब पडला तर कोण जबाबदार?

३०२: दादा हिशोब केलाय, पाईप साधारण ४० किलो, वाळू २०-२२, मशीन ४५. खोलीच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकात, एका चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. बाल्कनीत ठेवणार नाही, आतल्या खोलीत भिंतीलगत, तुळईजवळ.

२०२ काकू: ते किलो मला कळत नाहीत. आवाज थांबेल का ते सांगा.

६०१ आबा: वहिनी खरं सांगतो, स्लॅबमधून येणारा हादरा बराच कमी होईल, पायाखाली जाड रबरी पॅड हवेतच. पण राऊटरची शिट्टी हवेतून येते, ती फ्रेमने जाणार नाही. त्याला एमडीएफची बंद पेटी लागेल, आतून फोम. आणि मोटर तापू नये म्हणून हवेची वाट ठेवायची.

५०२ वहिनी: आणि ती धूळ? लाकडाची धूळ कॅन्सरकारक यादीत आहे, डब्ल्यूएचओच्या संस्थेची यादी आहे ती, फॉरवर्ड नाही. एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडही असतं. माझे पापड वाळत असतात वर.

३०२: वहिनी व्हॅक्यूम लावलाय कटरपाशीच, हवेतली धूळ वेगळी करणारा सायक्लोन डबाही आहे. पेटी झाली की उरलेलीही आतच राहील. मी स्वतः मास्क घालतो.

१०१: पाईप कधी उचलणार? तिसऱ्यांदा विचारतोय.

३०२: काका उद्या सकाळी टेम्पो आहे, आठच्या आत.

सेक्रेटरी: मग असं ठरवू. नवी फ्रेम, पॅड आणि पेटी बसेपर्यंत मशीन बंद. त्यानंतर फक्त सकाळी ११ ते १, दुपारी आणि रात्री नाही. मान्य?

३०२: बंद? गणपतीचं मखर अर्धं कापून झालंय. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल नाही म्हणून सोसायटीनेच मला सांगितलं होतं.

४०१: हां मग मखर हवं तर आवाज सोसा 😏

२०२ काकू: मखराला माझी ना नाही, बाप्पाचं काम आहे. ११ ते १ करा, आत्ताच्या टेबलावर चालेल. दुपारी दोननंतर मात्र एक मिनिटही नाही. ह्यांना विचारून सांगतेय.

३०२: नक्की काकू. त्यांच्या चेकअपच्या दिवशी मशीन लावणारच नाही, तारीख कळवा.

६०१ आबा: फ्रेम आली की हाक मार. माझा मोठा गुण्या आणि पाणसळ घेऊन येतो. कर्ण मोजल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नकोस.

४०१: आबा तो गुण्या मलाही दोन दिवस द्या, किचनचं कपाट अजून तिरकंच आहे

६०१ आबा: आधी ह्याचं होऊ दे.