सल्ला हवा: घोडबंदरचा भाड्याचा फ्लॅट, भाडेकरूंची हयगय आणि खालच्या घरात ओल

निशिगंध:
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला आमचा वन बीएचके आहे, सातव्या मजल्यावर. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. ते गेल्यापासून आईचं घरखर्चाचं गणित याच भाड्यावर चालतं. भाडं २२ हजार, डिपॉझिट ७५ हजार, ११ महिन्यांचं रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरू नवराबायको, दोघंही नोकरीला. भाडं ५ तारखेच्या आत येतं, म्हणून मी फार लक्ष घातलं नाही.

मागच्या आठवड्यात सहाव्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या बाथरूमचं सिलिंग काळं पडलंय, पोपडे सुटलेत. मी लगेच गेले. फ्लशची टाकी दोन-तीन महिन्यांपासून गळतेय. नहाणीच्या जाळीत केस आणि साबणाचा चिखल, पाणी फरशीवर तुंबलेलं, टाइल्सचे जॉइंट उघडे पडलेले. बेडरूममध्ये कपाटामागची अख्खी भिंत बुरशीने हिरवी. पावसाळाभर खिडक्या बंद ठेवून ओले कपडे आत वाळत घातले होते. वर महावितरणची दोन बिलं थकलेली, आणि मीटर आईच्या नावावर.

कळवलं का नाही विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला कशाला उगाच त्रास द्यायचा." बाबांनी ते बाथरूम स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. घरी येऊन मी आईला निम्मंच सांगितलं.

आई म्हणते, भाडं वेळेवर देतात, जाऊ दे. भाऊ म्हणतो, पाणी बंद कर, आपोआप जातील. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, दुरुस्ती होईपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) दुप्पट लावू. एजंटने एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज घेतलं, आता फोन उचलत नाही. ॲग्रीमेंटचे चार महिने उरलेत. खालच्यांचा खर्च कोणी द्यायचा? डिपॉझिटमधून कापता येतो का?

ऐरोलीकर:
ताई, आधी प्लंबर, मग हिशेब. रोज पाणी मुरतंय तोवर खर्च वाढतच राहणार.

खालच्या काकूंना उत्तर तुम्हीच द्यायचं. संडास, सिंक, बाथरूम यांची आतली गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्येच (नमुना नियमावलीत) आहे. सोसायटीसाठी सभासद म्हणजे आई, भाडेकरू नव्हे. त्यांच्याकडून वसूल करणं हा तुमच्या-त्यांच्यातला वेगळा व्यवहार.

आणि भावाला कृपया थांबवा. पाणी-वीज तोडलीत तर आज तुमची असलेली तक्रार उद्या तुमच्यावर उलटेल.

सेक्टर_अठरा:
सेक्रेटरींना नम्रपणे सांगा की दुप्पट लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. लेखी द्या, तोंडी वाद घालू नका.

नेरुळचे_काका:
माझा सिडकोचा जुना फ्लॅट गेली बारा वर्षं भाड्याने आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

झीज आणि हयगय वेगळी ठेवा. रंग फिका पडणं, नळाचा वायसर जाणं, गीझरचा कॉइल क्षार धरून जळणं ही झीज, ती मालकाची. गळती दिसत असून न कळवणं ही हयगय. तुमची टाकी मुळात खराब झाली ती झीज आहे, तिचे पैसे तुम्ही घाला. पण गळती दडवल्याने जॉइंट उघडे पडले, काकूंचं सिलिंग गेलं, तो खर्च मागा. असं वेगळं करून मांडलं की समोरचा माणूस ऐकून घेतो. सरसकट सगळं कापायला निघालात तर तो शेवटच्या तीन महिन्यांचं भाडंच देत नाही. माझ्या बाबतीत तसंच झालं आणि मी हात चोळत बसलो, कारण घर देताना काय स्थितीत होतं याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

तेव्हापासून चावी देताना भाडेकरूसमोर व्हिडिओ काढतो. प्रत्येक नळ उघडून, फ्लश ओढून, ओट्याखालची ट्रॉली बाहेर काढून, मीटरचं रीडिंग दाखवून. तो त्याच दिवशी त्यांना पाठवतो. दर तीन महिन्यांनी आधी कळवून चक्कर मारतो. ऑनलाइन ॲग्रीमेंटच्या नेहमीच्या मसुद्यात पूर्वसूचना देऊन घर पाहण्याचं कलम असतं, तुमच्याही असेल, वाचून बघा. आपण ते वापरत नाही कारण अवघडल्यासारखं होतं.

विजेसाठी महावितरणकडे तुमचा मोबाइल नंबर नोंदवा, बिलाचा मेसेज थेट तुम्हाला येईल.

बुरशीची भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंगवू नका. ती ओल बाथरूमच्या बाजूने येतेय का, हे आधी तपासा. येत असेल तर तिचा दोष ओल्या कपड्यांवर टाकता येणार नाही.

वाशीत_भाड्याने:
मी भाडेकरू आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. आधीच्या घरात सिंकखालचा पाइप गळतोय हे मी दुसऱ्याच दिवशी कळवलं. मालक म्हणाले, तुम्हीच तोडला असेल, आणि घर सोडताना त्याचे पैसे कापले. त्यानंतर नव्या घरात काही बिघडलं की माझाही हात फोनकडे जाताना अडखळतो. तुमच्या भाडेकरूंचं चुकलंच, खालच्या घराचं नुकसान झालंय. पण "कळवलंत तर पैसे कापणार नाही, लपवलंत तर कापेन" हे त्यांना पहिल्या दिवशी कोणी सांगितलं होतं का?

कोर्टनाका:
घर सोडलं नाही तर काय, ही भीती मनात असेल तर: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम २४. मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदत संपल्यापासून भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तुमचं ॲग्रीमेंट रजिस्टर्ड आहे, हा मोठा आधार. नवं करताना मात्र डिपॉझिटमधून कोणते खर्च वळते होतील ते मसुद्यात स्पष्ट लिहा.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाशीच्या ताई, तुमचा प्रश्न लागला. नाही, मी त्यांना असं कधीच सांगितलं नव्हतं. चावी देतानाही मी पंधरा मिनिटांत निघाले होते.

शनिवारी प्लंबरला घेऊन गेले, भाडेकरूही घरी थांबले. टाकीचे पैसे मी दिले. नहाणी ट्रॅप साफ करून सगळे जॉइंट इपॉक्सीने भरायचे आणि काकूंचं सिलिंग करायचं, मिळून १८ हजारांचा अंदाज आलाय. काका, तुमची विभागणी त्यांना जशीच्या तशी दाखवली. ९ हजार ते आत्ताच देणार आहेत, डिपॉझिटला हात न लावता. बाकीचे आम्ही घालतोय. वीजबिल त्यांनी माझ्यासमोर भरलं. सेक्रेटरींना पत्र दिलंय.

बेडरूमची भिंत बाथरूमला लागूनच आहे, त्यामुळे बुरशीबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. जॉइंट भरल्यावर महिनाभर ती सुकते का ते पाहणार आहे. काका, तेवढ्यात सुकली नाही तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवावं की आणखी थांबावं?

नेरुळचे_काका:
पाऊस पूर्ण थांबल्यावर महिना मोजा. तोवर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायला सांगा.