ताण म्हणजे नक्की कुठला ताण? (‘अलाउएबल स्ट्रेस’ मराठीत कसं म्हणावं)

टिळकवाडीकरीण
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याची सूचनापत्रकं मी मराठीत करून देते. मूळ इंग्रजी, कानडी दुसऱ्या बाई करतात, मराठी माझ्याकडे. मागे एक वाक्य आलं. भट्टीवरून गरम हवेचा पाइप जातो, थ्री नॉट फोर एच स्टेनलेसचा, पाइपाचं तापमान ८०० अंशांच्या वर. ‘अलाउएबल स्ट्रेस’ ओलांडू नये, असा मजकूर. मी बिनधास्त लिहिलं, “पाइपवरील ताण परवानगीच्या मर्यादेत ठेवावा.”

भट्टी बंद असताना फिटरनं ते वाचलं आणि वर बघितलं. पाइपाच्या मधोमध त्याला वरून टांगून धरणारा हँगर, त्याची सळी तंग. पान्यानं ठोकली तर टणकन वाजणारी. त्यानं नट सैल केला, सळी लोंबायला लागली, ताण कमी झाला. माझ्या मराठीप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नाही! भट्टी पेटवायच्या आधी सुपरवायझरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. मग मला बोलावून म्हणाले, “ताई, ताण म्हणजे ओढ. पाइपाला कोण ओढूलालाय?”

ताण नको तर काय लिहू?

निपाणीचा निवृत्त मास्तर
शब्द तयार आहे, ताई. स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, स्ट्रेन म्हणजे विकृती. बाहेरून बल लागलं की पदार्थाच्या आत त्याला जे उत्तर उभं राहतं ते प्रतिबल. दर चौरस मिलिमीटरला किती, असं मोजायचं. ताण हा त्यातला एक प्रकार झाला, दाब दुसरा. तेव्हा ‘अनुज्ञेय प्रतिबल’. वाद संपला.

भट्टीवाला
मास्तर, तुमचा वाद संपला, आमचा सुरू झाला. ‘अनुज्ञेय’ वाचायलाच पोरांना अर्धी पाळी जाईल. आणि पाइपात विकृती आली म्हणून बोर्ड लावला तर सगळा खाता हसत सुटेल. विकृती माणसात असते की.

आमच्यात ‘सोसंल तेवढंच घाल’ म्हणतात. सोस म्हणा.

निपाणीचा निवृत्त मास्तर
‘सोस’ म्हणजे हाव. “त्याला पैशाचा भारी सोस.” पाइपाला कसला सोस?

शहापूरची सून
😀 माझं माहेर बैलहोंगल, घरात कानडी. कानडीत ‘ताळु’ म्हणजे सोसणे, ‘ताळ्मे’ म्हणजे धीर, ‘ताळिके’ म्हणजे टिकाऊपणा. आपलं मराठी ‘ताळ सोडला’, ‘ताळ्यावर आला’ हे तिथूनच आलेलं असणार, मला तरी खात्री आहे. पाइपानं ताळ सोडू नये म्हणजे झालं. ‘ताळमर्यादा’ कसा वाटतो?

निपाणीचा निवृत्त मास्तर
ताळ हा सरळ संस्कृत ताल. गाण्यातला. ताल सुटला की ताळ सुटला. प्रत्येक शब्द मलप्रभेच्या पाण्यात बुडवून काढायची ही सवय बरी नव्हे.

शहापूरची सून
तूप बुडवूनच काढलंय, मास्तर. आमच्यात तुप्प. अण्णा आणि अक्काही परत घेऊ का आम्ही?

पायपिंग पामर
गाव येळ्ळूर, पोट पुण्यात. हेच काम करतो, म्हणून दोन घास मधे घालतो. ताळाचं भांडण चालू द्या.

‘सोसेल तेवढं’ हे अर्थानंच चुकतं. पाइप किती सोसतो हा एक आकडा, आणि आपण त्याच्यावर किती घालायचं हा दुसरा. अलाउएबल हा दुसरा. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा बी ३१.३ नावाचा कोड आहे, कारखान्यातल्या पाइपांसाठी. त्याच्या तक्त्यात ३०४ एचला थंड असताना १३८ मेगापास्कल दिलेत. आपल्याकडच्या हिशेबात चौरस मिलिमीटरला साधारण १४ किलो. तोच पाइप ८१६ अंशांवर गेला की ९.७, म्हणजे जेमतेम १ किलो. तक्ताही तिथंच संपतो. पुढचं ज्याचं त्यानं चाचण्यांच्या आकड्यांवरून सिद्ध करायचं. शेवटचे दोन आकडे जोडून पट्टी पुढं सरकवायची नाही.

आता खरी गोम. थंडपणी हा आकडा धातूच्या ताकदीवरून निघतो, तुटायचा किती आणि कायमचा वाकायचा किती यावरून. एवढ्या उष्णतेत तो काळावरून निघतो. लाल तापलेला धातू तेवढ्याच वजनाखाली हळूहळू लांबत राहतो, थांबत नाही. त्याला क्रीप म्हणतात. मग तीन आकडे काढायचे. हजार तासांत ०.०१ टक्का लांबेल असं प्रतिबल (बघा, मीही मास्तरांचाच शब्द घेतला). लाख तासांनी तुटेल त्या सरासरी प्रतिबलाचे ६७ टक्के. आणि लाख तासांनी तुटेल त्या किमान प्रतिबलाचे ८० टक्के. या तिघांतला सर्वांत लहान घ्यायचा. लाख तास म्हणजे अकरा वर्षं पाच महिने, भट्टी एक दिवसही न विझता.

म्हणजे हा आकडा ताकदीपेक्षा वायद्याच्या जवळचा. अमुक वर्षं टिकायचं असेल तर एवढंच घाल. ‘मुभा’ मला बरा वाटतो.

निपाणीचा निवृत्त मास्तर
मुभा अरबी. मुबाह.

भट्टीवाला
आणि तुमचा चष्मा फारशी. काढून ठेवा.

गूळवाला, चिकोडी
क्रीप ते हेच असेल तर आम्ही लहानपणापासून बघतोय. गुऱ्हाळाच्या चुलवाणात खाली जाळीच्या सळ्या असतात. हंगाम सुरू होताना सरळ, पट्टी लावून बघा. संक्रांतीपर्यंत मधे पोट सुटतं. वर कोणी धोंडा ठेवलेला नसतो. चिपाडाचा जाळ, रात्रंदिवस लालबुंद, आणि स्वतःचंच वजन. आमचा गुळव्या म्हणायचा, “सळी बसली.” पालथी घालायचा. उरलेल्या हंगामात ती परत उलटी बसायची, की सरळच!

टिळकवाडीकरीण
“सळी बसली” छानच. हिंदी पुस्तकांत क्रीपला ‘विसर्पण’ म्हणतात, मी तोच घेणार होते.

शहापूरची सून
नको गं बाई. विसर्प म्हणजे धावरं. आमच्या आजेसासूबाईंच्या पायाला झालं होतं. पाइपाला धावरं झालं म्हणून कोणीतरी लेप लावून बसेल.

निपाणीचा निवृत्त मास्तर
‘सर्पण’ घ्या मग, वि काढून. सरपटणे. चुलवाणाची गोष्ट मात्र मला आवडली, गूळवाले.

भट्टीवाला
सरपण चुलीत घालतात, मास्तर.

पायपिंग पामर
😂 फिटरच्या गोष्टीकडे येतो, कारण तिच्यात या शब्दाची सगळी मेख आहे. ताई, तो पाइप चार इंची का? दोन्ही टोकांच्या सपोर्टमधलं अंतर किती?

टिळकवाडीकरीण
विचारून आले. चार इंची, शेड्यूल ४० (म्हणजे भिंतीची जाडी). सहा मीटर. हँगर बरोब्बर मधे.

पायपिंग पामर
मग हे बघा. असला पाइप मीटरला सोळा किलोच्या आसपास भरतो. हवेचा दाब नगण्य, त्यामुळे राहिलं स्वतःचं वजन. मधला हँगर धरून असेल तर तीन-तीन मीटरचे दोन गाळे. वाकण्यातून येणारं प्रतिबल साधारण साडेतीन मेगापास्कल. हँगर सैल सोडला की एकच सहा मीटरचा गाळा. अंतर दुप्पट, प्रतिबल चौपट, साडेतेरा. मर्यादा ९.७.

थंड असताना साडेतेरा म्हणजे काहीच नाही, मर्यादा १३८ आहे. म्हणून फिटरनं नट सैल केला तेव्हा पाइप डोळ्यांना दिसेल एवढा हललासुद्धा नसेल. वरून सगळं ठीक. भट्टी तापली असती की सळीसारखा बसायला लागला असता, रोज थोडा थोडा.

म्हणजे सळीतला ताण कमी केला आणि पाइपातला ताण मर्यादेबाहेर नेला. एकाच वाक्यातला एकच शब्द, दोन ठिकाणी. मास्तरांचं ‘प्रतिबल’ असतं तर त्याला कळलं नसतं, पण निदान त्यानं पाना उचलला नसता.

निपाणीचा निवृत्त मास्तर
हेच मी पहिल्यापासून सांगतो आहे. न कळणारा शब्द चुकीचा कळणाऱ्या शब्दापेक्षा कमी घातक.

भट्टीवाला
असं असंल तर सगळं पत्रक संस्कृतात लिवा. कुणी कशालाच हात लावणार न्हाई.

गूळवाला, चिकोडी
एक शंका. स्टील म्हटलं की आमच्याकडं ताट-वाटी. घर बांधताना स्टील म्हणजे सळ्या. यात ‘स्टेनलेस’ला काय म्हणायचं? निष्कलंक पोलाद? ८०० अंशांवर त्याला काळपट खपली धरलेली मी स्वतः बघितलीय. निष्कलंक कुठलं.

भट्टीवाला
थ्री नॉट फोर म्हणायचं. एच सांगायला विसरायचं न्हाई. एकदा एकानं ‘एल’ आणलं, वेल्डिंगला चांगलं म्हणून. भाव पण जमला. मी परत पाठवलं.

पायपिंग पामर
बरोबर केलंत, काका. एलमध्ये कार्बन मुद्दाम कमी, ०.०३ टक्क्याच्या आसपास. एचमध्ये ०.०४ ते ०.१०. एवढ्या उष्णतेत धातूला बसू न देणारा तोच कार्बन. ५३८ अंशांच्या वर तर साध्या ३०४ लासुद्धा कार्बन ०.०४ च्या खाली नको, अशी तळटीप आहे.

शहापूरची सून
‘बसणे’ किती कामं करतं बघा. सळी बसली, दर बसला, आवाज बसला, धंदा बसला. सगळ्यांत हळूहळू खाली जाणं आहे. क्रीपला ‘बसण’ का नको?

निपाणीचा निवृत्त मास्तर
नाम होत नाही. ‘बैठक’ होईल, आणि मग पाइपाची बैठक कोण घेणार?

बाकी मुभ्याबद्दल. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगीच नव्हे. डबीराचा सुमंत केला, मुजुमदाराचा अमात्य केला. आपण साडेतीनशे वर्षांनी उलटं चाललो आहोत.

पायपिंग पामर
पेशव्याचा पंतप्रधानही केला होता, सर. लोक पेशवेच म्हणत राहिले.

निपाणीचा निवृत्त मास्तर
लोक म्हणत राहिले म्हणून कोश चुकला असं होत नाही.

शहापूरची सून
ताळेबंदातला ताळा पण सांगा, मास्तर. तोही गाण्यातला? की जमा-खर्च तबल्यावर मांडायचे?

निपाणीचा निवृत्त मास्तर
त्याची व्युत्पत्ती वेगळी. सवडीनं लिहितो. कोश वरच्या फळीवर आहे, आणि मला शिडी चढायची मुभा नाही.

गूळवाला, चिकोडी
मुभा! सापडले!

टिळकवाडीकरीण
अहो, पत्रक सोमवारी छापायला जाणार आहे. माझ्यासमोर आत्ता अनुज्ञेय प्रतिबल, मुभेचा ताण, ताळमर्यादा, सोस आणि बसण एवढं जमलंय. कुठलं घालू?

भट्टीवाला
ताई, तुमचं छापून येईपर्यंत मी काल खडूनं लिवलं. हँगरच्या बाजूच्या खांबावर, हातभर अक्षरात. ‘भट्टी गार असली तरी हा टेकू सैल करू नये.’ खाली कानडीत पण. फिटर वाचून गेला, हसला, म्हणाला आता कळलं.

निपाणीचा निवृत्त मास्तर
टेकू खालून असतो. वरून टांगलेल्याला टेकू कसं म्हणाल? आणि ‘करू नये’ की ‘करू नका’? समोरच्याला उद्देशून असेल तर ‘नका’.

भट्टीवाला
मग वरून धरलेल्याला काय म्हणायचं?

गूळवाला, चिकोडी
शिंकं.

शहापूरची सून
शिंक्यात दही असतं हो. हे बघा, कानडीत यासाठी…